कम्युनिटी रेडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी

पत्रकारिता किंवा समाजकार्य शिकून कम्युनिटी रेडिओत, म्हणजे एखाद्या टापूतल्या लोकांसाठी त्यांच्याच सहभागाने चालणाऱ्या छोट्या केंद्रात, येणारी बरीच मुलंमुली निवेदक व्हायचं म्हणून येतात. निवेदन दिवसाचं तासभर. बाकी वेळ फिरण्यात, ऐकण्यात आणि एडिटिंगमध्ये जातो, आणि मला तेच या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

थोडं मागचं माहीत असू द्या. प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही परवान्याची वाट खुली झाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात दलित महिलांचा संघम रेडिओ सुरू झाला, त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग. ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा, पोहोच दहा-पंधरा किलोमीटर. एवढ्याशा टापूत लोक तुम्हाला बाजारात अडवून कालच्या कार्यक्रमाबद्दल बोलतात.

निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक आणि लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असं धोरणच सांगतं. पण सहभाग म्हणजे बाइट घेणं, म्हणजे कुणाची दोन वाक्यं रेकॉर्ड करून लावणं, असा समज अजून आहे. तो मोडायला मला शेळ्यांच्या लसीकरणाचा कार्यक्रम उपयोगी पडला. पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस द्या, असं पशुवैद्यकीय डॉक्टर नीट सांगत होते. आम्ही ते वाजवतही होतो. पुढच्या भागासाठी शेळ्या पाळणाऱ्या बायकांनाच माइकसमोर बसवलं. त्यातली एक म्हणाली, "लस नको कुनाला? पर डॉक्टर येत्यात अकराला, तवा शेळ्या रानात. सकाळी सातला या की." डॉक्टर शेजारीच बसले होते. त्या गावात शिबिर सकाळचं झालं. हा प्रश्न कुठल्याच संहितेत आला नसता, कारण संहिता लिहिणाऱ्या कुणालाही शेळ्या सोडायच्या नव्हत्या.

म्हणून विषय ठरवायच्या बैठकीला बचत गटाच्या बायका, गुराखी, शाळा सुटलेली पोरं असली पाहिजेत. बैठक संध्याकाळी ठेवा. दुपारी फक्त रिकामे पुरुष येतात.

रेकॉर्डिंगचं सांगते. माइक तोंडापासून वीतभर लांब, थोडा तिरका. पंखा बंद. हेडफोन कानाला लावल्याशिवाय सुरुवात करू नका. पत्र्यावरचा वारा कानाला जाणवत नाही, रेकॉर्डरला जाणवतो. कोंबड्या ओरडल्या तर ओरडू द्या. एडिटिंगमध्ये 'न्हाई', 'व्हतं' पुसून पुस्तकी मराठी करू नका, आणि बोलण्याआधीचा विचार करणारा थांबाही कापू नका. कुणाच्या घरातलं दुखणं बोललं गेलं असेल तर वाजवण्याआधी त्यांना ऐकवा, नको म्हणाल्या तर काढा.

आपल्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, राजकारण तर नाहीच. पाणीपुरवठा, आरोग्य, हवामान, परीक्षा यांच्या सूचना मात्र चालतात. वाजवलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, तेव्हा फाइलला नाव-तारीख त्याच दिवशी घाला.

पगार बेताचा असतो, अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत अनियमितही. घरच्यांना आधीच सांगा. अर्ज करण्यापूर्वी एक दिवस केंद्रावर जाऊन बसा. विषय कोण ठरवतं ते विचारा, आणि दिवसभरात गावातलं कुणी आपणहून आत आलं का, तेही पाहा.