बागेतल्या शेडसाठी हीटर घेताना

इंग्लंडातल्या घरामागची लाकडी शेड म्हणजे पातळ फळ्या आणि भरपूर फटी. त्यामुळे किती वॅटचा हीटर घ्यायचा हे नंतर बघा. आधी तिथे तुम्ही बसणार की नुसतं सामान राहणार, ते ठरवा.

रंगाचे डबे गोठू नयेत एवढंच हवं असेल तर 100 वॅटच्या आसपासचा ट्यूब हीटर आणि 5 अंशांवर चालू होणारा थर्मोस्टॅट छोट्या शेडला बहुधा पुरतो. तासभर खुडबुड करायची असेल तर भिंतीवर उंच लावायचा इन्फ्रारेड घ्या. तो थेट अंगाला ऊब देतो. फटींतून पळून जाणारी हवा कशाला तापवायची? फॅन हीटर स्वस्त, पण लाकडाचा भुसा आत ओढतो. सुतारकाम करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. दिवसभर लॅपटॉप घेऊन बसणार असाल तर ऑइल रेडिएटर, पण आधी फटी बुजवा आणि भिंतींना इन्सुलेशन करा.

खरी गोम वायरीत आहे. तिथल्या प्लगला जास्तीत जास्त 13 अँपिअरचा फ्यूज. 230 व्होल्टवर म्हणजे जेमतेम 3 किलोवॅट. 2 किलोवॅटचा हीटर एकटाच जवळजवळ 9 अँपिअर खातो. रिळावर गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर तो लावलात तर आतली वायर तापून वितळू शकते. शेडला कायमची लाइन इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्या, 30 मिलिअँपिअरच्या आरसीडीसकट (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).