प्रोग्राम क्रॅश झाला की कोणती पॅकेजं तपासायची: आधीची तयारी

सेवा केंद्रातल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर सातबारा छापायला घेतला आणि एव्हिन्स (पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम) धाडकन बंद पडला, तर अपडेट मारण्याची घाई नको. आवृत्ती बदलली की जुना कोअर डम्प (बंद पडताना प्रोग्रामच्या मेमरीची घेतलेली नक्कल) नव्या फायलींशी जुळत नाही आणि माग तिथेच तुटतो.

डम्प हाती लागायला ‘सिस्टमडी-कोअरडम्प’ (डम्प साठवणारं) आणि ‘जीडीबी’ (डम्प उघडून वाचणारं) ही दोन पॅकेजं क्रॅशच्या आधीच टाकलेली हवीत. डिबग सिम्बॉल (डम्पमधल्या पत्त्यांना फंक्शनची नावं देणाऱ्या फायली) जड असतात, ते रेंज चांगली असेल तेव्हाच उतरवून घ्या. जुने डम्प काही दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून डम्पची माहिती दाखवणाऱ्या ‘कोअरडम्पसीटीएल इन्फो’ या आज्ञेचा मजकूर त्याच दिवशी वेगळ्या फायलीत ठेवा. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप इंग्रजीतच करायच्या.)

आता डम्प जीडीबीत उघडून ‘बीटी’ (बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं याची साखळी) द्या. सगळ्यात वरच्या ओळींत अनेकदा लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी, म्हणजे सामायिक कोडची फाइल) आणि ‘अबॉर्ट’ दिसेल. त्यावरून लिबसीला दोषी धरू नका. गडबड दुसऱ्याने केलेली असते, लिबसी फक्त प्रोग्राम थांबवते. खालच्या ओळींत लिबकप्स (छपाईची लायब्ररी), जीटीके (खिडक्या-बटणांची) अशी नावं येतील, ती सगळी उतरवा. पूर्ण यादीसाठी ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ वापरा. लायब्ररींची यादी देणाऱ्या ‘एलडीडी’ या आज्ञेवर विसंबू नका, चालू असताना उचललेले प्लगइन त्यात दिसत नाहीत.

फाइल कोणत्या पॅकेजची ते काढायला ‘डीपीकेजी’ (डेबियनची पॅकेजांची नोंद ठेवणारी आज्ञा) हिला मोठ्या एसचा पर्याय (-S) द्या. इथे हमखास अडतं: जीडीबी ‘/लिब’ने सुरू होणारा मार्ग दाखवतो, डीपीकेजीकडे नोंद ‘/यूएसआर/लिब’ची असते, आणि उत्तर येतं की असं काही नाही. अशा वेळी मार्ग गाळून फक्त ‘लिबकप्स.एसओ.२’ एवढंच द्या. डेबियन १३ वर उत्तर ‘लिबकप्स२टी६४’ येईल. आवृत्तीसकट लिहून घ्या. तरीही पॅकेज सापडलं नाही आणि फाइल ‘/ऑप्ट’ किंवा ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असेल, तर ती बाहेरून टाकलेली, बरेचदा प्रिंटरचा ड्रायव्हर. आधी तिच्यावरच संशय घ्या.

मग ‘/व्हार/लॉग/एपीटी’मधली हिस्टरी फाइल उघडा आणि क्रॅश सुरू झाले त्याच्या आधी काय बदललं ते बघा. अपडेट चालू असताना मधेच वीज गेली असेल तर ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवाच. ओळीत ५ चा आकडा दिसला तर फाइल मूळची राहिलेली नाही. फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, तर तेवढं पॅकेज पुन्हा टाकल्यावर काम होतं.

एकाच डम्पवर निकाल देऊ नका, दोन-तीन जमू द्या. दर वेळी बीटीत तीच साखळी आली तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. दर वेळी वेगळीच लायब्ररी आली तर रॅम तपासा. मे महिन्यात ही तपासणी भर दुपारी करा. रात्रीच्या गारव्यात तापल्यामुळे होणारी चूक लपून जाते.

मदत मागताना डम्प कुणालाही पाठवू नका. त्यात उघड्या कागदावरचं नाव, गट क्रमांक, आधार क्रमांक सगळं असू शकतं. बीटीचा मजकूर, पॅकेजांची नावं आणि आवृत्त्या पाठवा, आणि पाठवण्याआधी तो मजकूरही एकदा ओळ न् ओळ वाचा.