अ, ॲन, द : या चुका टाळा

'आय ॲम टीचर.' 'माय ब्रदर इज इंजिनिअर.' शब्द बरोबर, क्रियापद बरोबर, फक्त मधला इवलासा 'अ' गायब. मराठीत 'मी शिक्षक आहे' म्हटलं की काम झालं. इंग्रजीत मात्र मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं फिरत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं कोणीतरी सोबतीला लागतं. म्हणून 'आय ॲम अ टीचर'.

मग शाळेतला नियम आठवतो, विशिष्ट वस्तूला 'द', आणि गाडी दुसऱ्या बाजूला घसरते: 'आय बॉट द फोन येस्टरडे.' समोरचा विचारात पडतो, कुठला फोन? तुमच्या मनात तो विशिष्टच आहे, पण ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तरच 'द'. पहिल्यांदा 'अ फोन', पुढच्या वाक्यापासून 'द फोन'. उलट 'क्लोज द डोअर' पहिल्याच वाक्यात चालतं, कारण कुठलं दार ते दोघांनाही दिसतंय.

हा फरक आपल्याला नवा आहे असं मला वाटत नाही. 'दारात कुत्रा बसलाय' आणि 'कुत्रा दारात बसलाय' ही वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कुठलातरी कुत्रा, दुसऱ्यात आपला ओळखीचा. इंग्रजीत पहिला 'अ डॉग', दुसरा 'द डॉग'. जे काम आपण शब्दांच्या जागेवर भागवतो, तेच ते या चिमुकल्या शब्दांकडून करून घेतात. अडलात तर वाक्य आधी मराठीत म्हणा. दर वेळी उत्तर मिळेलच असं नाही, पण बऱ्याचदा मिळतं.

'अ' की 'ॲन' यासाठी ए-ई-आय-ओ-यू घोकणं सोडा. प्रश्न उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन'. 'अवर' म्हणजे तास, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'त आधी 'य', म्हणून 'अ'. 'ॲन एमएलए', 'ॲन एफआयआर', पण 'अ वन-वे स्ट्रीट'. युक्ती फसते ती 'इयर'पाशी. आपण कान आणि वर्ष दोन्हींना 'इयर'च म्हणतो. इंग्रजीत वर्षाच्या आरंभी 'य' आहे: 'अ यिअर', पण कान 'ॲन इअर'. (खुद्द इंग्रजांचाही इथे गोंधळ झालाय. डॉक्टरांचा ॲप्रन मुळात 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन' ऐकता ऐकता 'ॲन ॲप्रन' झालं आणि 'न' कायमचा पलीकडे गेला.)

'ॲन ॲडव्हाइस', 'ॲन इन्फर्मेशन', 'अ फर्निचर' हे तिन्ही चूक. आपण 'एक सल्ला देतो' म्हणतो, इंग्रजी सल्ला मोजत नाही. 'सम ॲडव्हाइस' म्हणा. आणि सर्वसाधारण गोष्टींना 'द' चिकटवू नका: 'द लाइफ इज हार्ड' नाही, 'लाइफ इज हार्ड'. नद्यांना 'द' हवा, 'द गोदावरी'. सरोवराला नको, 'लोणार लेक'. यात तर्क शोधण्यात वेळ घालवू नका, पाठ करा.

काही ठिकाणी मात्र 'अ' किंवा 'द' गळला की वाक्य चुकत नाही, अर्थच फिरतो. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडेफार मित्र आहेत. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. तुमचा वकील भाऊ अशिलाला भेटायला तुरुंगात गेला असेल, तर 'ही वेंट टू द प्रिझन' म्हणा. 'ही वेंट टू प्रिझन' म्हणालात, तर ऐकणारा हळूच विचारेल, किती वर्षांची झाली?