दोन दिवस मुंबई: झोपायचं डब्यात, खायचं रस्त्यावर

आपल्याकडचा माणूस मुंबईला दोनच कामांनी जातो, मंत्रालय नाहीतर टाटा, म्हणजे कॅन्सरचा दवाखाना. मी पण पहिल्यांदा गेलो तो मामाले घेऊन टाटालेच. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत बारा दिवस होतो अन एवढ्या दिवसांत मुंबईचं म्हणून खाल्लं काय, तर हॉस्पिटलच्या बाहेरचा चहा अन बिस्कीटचा पुडा. मामा बरा होऊन घरी आला, आता वावरात जाते, पण माझ्या मनात तेव्हापासून होतं की एकदा काहीच काम नसताना मुंबईले जायचं, फक्त खायले. यंदा तुरीचे चुकारे आले अन आम्ही तिघं जाऊन आलो, मी, बायको अन आठवीतला पोट्टा. गावात चार जणांनी विचारलं कसं केलं, खर्च किती, झोपले कुठं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले तारीख धरा. सोयाबीन, मग कपाशीचे वेचे, मग तूर, हे सगळं घरात येईपर्यंत जानेवारी सरतो, अन तोच टाईम मुंबईसाठी चांगला, घाम कमी येतो. मे महिन्यात जाऊ नका, आपल्याकडचं ऊन कोरडं असते, तिथं अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटते. वार म्हणाल तर शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसायचं अन सोमवारी सकाळी घरी. विदर्भ एक्सप्रेस आमच्या धामणगावला दिवेलागणीला येते अन सकाळी सीएसएमटीला सोडते, परत येताना तीच सीएसएमटीवरून संध्याकाळी सातच्या सुमारास निघते. अमरावतीवाल्यांना अंबा एक्सप्रेस आहे. म्हणजे दोन रात्री गाडीत निघून जातात अन मुक्कामाचे पैसे फक्त एका रात्रीचे लागतात, सगळ्या प्लॅनचं इंगित एवढंच आहे. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडते, त्या दिवशीच करून टाका. तत्कालच्या भरवशावर राहू नका, स्लीपरचं तत्काल आदल्या दिवशी सकाळी 11 ला उघडते अन तोपर्यंत आपल्या गावातलं नेटवर्क गोल गोल फिरत राहते.

आता झोपायचं. जुना रस्ता म्हणजे आमदार निवास. आमदार साहेबांचं पत्र आणायचं, मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी आमदार निवासात जायचं, खाली कॅन्टीनमध्ये जेवायचं. कोणाची ओळख असेल तर आजही बघा, जागा मोक्याची आहे, पण अधिवेशन चालू असेल तर विसरून जा, अन बायकापोरं सोबत असली की पाच अनोळखी कार्यकर्त्यांमध्ये गाद्या टाकणं जमत नाही. दादरच्या धर्मशाळेचं तर नावच काढू नका. ती जागा कॅन्सरच्या पेशंटसाठी अन त्यांच्या सोबतच्या लोकांसाठी आहे, तिथं एकेका खोलीसाठी माणसं वाट बघत बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, फिरायला जाणाऱ्यानं त्यात घुसू नये.

आम्ही घेतले पॉड. पॉड म्हणजे काय तर स्टेशनातच एक मोठा एसी हॉल, त्यात प्लास्टिकच्या पेट्या एकावर एक ठेवल्या आहेत अन प्रत्येक पेटीत एक माणूस झोपते. मुंबई सेंट्रलला हे पहिले झाले, नोव्हेंबर 2021 मध्ये, 48 पॉड, त्यात बायकांसाठी वेगळे पण आहेत. तेव्हा 12 तासांचे 999 रुपये होते, आता किती आहे ते बुक करताना दिसेलच. मग 2022 मध्ये सीएसएमटीला पण झाले, तिथं सिंगल, दोघांचा अन फॅमिलीचा असे प्रकार आहेत. आपली गाडी सीएसएमटीला थांबते म्हणून आपल्याला तेच सोयीचं, फलाटावर उतरलं की रिक्षा नाही, टॅक्सी नाही, चालत दारात.

आत कसं असते ते सांगतो, काहून की माझ्या बायकोनं आधी साफ नाही म्हटलं होतं, म्हणे शवागारासारखं दिसते. चपला बाहेर काढायच्या, सामान लॉकरमध्ये, मग वरचा पॉड असेल तर दोन-तीन पायऱ्यांनी चढून गुडघ्यावर आत सरकायचं. आत गादी, उशी, आरसा, छोटा दिवा, चार्जिंग, एसीचं भोक डोक्याशी. बसता येते, उभं राहता येत नाही. पडदा ओढला की बाहेरच्या फलाटाची अनाउन्समेंट अशी येते जशी शेजारच्या घरी टीव्ही लागलेला आहे. पोट्ट्यानं सगळी बटणं दाबून पाहिली अन अर्ध्या तासात झोपला, बायको म्हणाली आपल्या माच्यापेक्षा बरं आहे, डास तर नाहीत. माचा म्हणजे रानडुकरं हाकलायला आम्ही वावरात बांधतो तो, चार बल्ल्यांवर, त्याच्यावर झोपलेल्या माणसाला पॉडचं काहीच अवघड जात नाही. फक्त घोरणाऱ्यांचा बंदोबस्त नाही, कापसाचे बोळे घरून न्या, तो तर आपल्याकडं आहेच. बाथरूम सगळ्यांचं एकच असते, सकाळी सहाच्या आत आंघोळ उरकून घ्या.

अन इथं मी एक बावळटपणा केला तो तुम्ही करू नका. बुक करताना मी 12 तास टाकले, सकाळी 9 पासून. डोक्यात हिशोब असा की पोहोचल्यावर आंघोळ करू, सामान ठेवू, मग रात्री येऊन झोपू. बाप्पा, 12 तास म्हणजे रात्री 9 ला संपले ना! साडेआठला आम्ही चौपाटीवर भेळ खाऊन राहिलो होतो तेव्हा ट्यूब पेटली. धावतपळत आलो, पुन्हा 12 तासांचे पैसे भरले. बरोबर पद्धत अशी की सकाळी वेटिंग रूममध्ये तोंड धुवून आवरायचं, बॅगा क्लोकरूममध्ये टाकायच्या, अन पॉड घ्यायचा रात्री 8 ते सकाळी 8. क्लोकरूमवाले बिना कुलपाची बॅग घेत नाहीत अन तिकीट मागतात, म्हणून दोन छोटी कुलपं सोबत ठेवा. दोरीनं बांधलेली पिशवी चालणार नाही, आमच्या सासूबाईंनी दिलेल्या पिशवीपायी मला स्टेशनाबाहेर कुलूप शोधत फिरावं लागलं.

राजेहो, आता खाण्याचं. पहिला नियम, भाषा बदलते. आपण ज्याला सांबार म्हणतो ते तिथं कोथिंबीर. मी सँडविचवाल्याला म्हटलं, भाऊ सांबार जास्त टाक, तो म्हणे साहेब इडलीवाला पलीकडे आहे. गुपचूप तिथं पाणीपुरी, अन त्यात आलू नाही, गरम रगडा असतो. आलूबोंडा म्हणजे बटाटावडा, पण त्याच्यावर कढी नाही, रस्सा नाही, तर्री नाही, मागू पण नका. पोह्यावर तर्री शोधत फिरलात तर दोन दिवस त्यातच जातील.

वडापाव सकाळी खायचा नाही, हे माझं मत. घाणा दुपारी चारनंतर सतत चालू राहतो, तेव्हा वडा कढईतून थेट पावात पडते. दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये अशोक वैद्य यांच्या गाडीवर हा सुरू झाला असं मानतात. बघायचं काय, तर गर्दी कुठं आहे ते नाही, परातीत वडे किती पडले आहेत ते बघा. दहाच्या वर पडलेले दिसले की पुढं चला. सोबत लसणाची लाल सुकी चटणी अन तळलेली हिरवी मिरची मीठ लावून. मिरचीला आपल्या माणसानं घाबरायचं कारण नाही, आपल्या ठेच्यापुढं ती गरीब आहे. चुरा मागून घ्या, कढईत बेसनाचे जे दाणे तरंगतात ते, बहुतेक गाडीवाले वड्यावर शिंपडून देतात.

सकाळी खायचा इराण्याकडचा बनमस्का अन चहा. सीएसएमटीवरून चालत धोबी तलावाकडं गेलं की कयानी नावाचं इराणी हॉटेल आहे, 1904 पासूनचं, जुन्या लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्या. मस्का म्हणजे लोणी, पाव मऊ, चहात बुडवायचा. पोट्ट्याला मावा केक आवडला, मला खारी. तिथं तासभर बसा, पण गर्दी असेल अन कोणी उभं असेल तर उठा.

दुपारी सँडविच. आता शनिवारी दुपारीच खा हां, फोर्ट-चर्चगेटकडच्या खाऊगल्ल्या ऑफिसवाल्यांवर चालतात, रविवारी बऱ्याच गाड्या झाकलेल्या असतात. सँडविचवाला पावाला लोणी लावते, हिरवी चटणी लावते, मग उकडलेला आलू, काकडी, बीट, टमाटर, कांदा, प्रत्येक थरावर मसाला शिंपडते, अन ते लोखंडी चिमट्यात दाबून विस्तवावर उलटसुलट. हातात येते तेव्हा सहा तुकडे झालेले असतात अन वर शेव. उभ्यानं खायचं, चटणी मनगटापर्यंत येते. मग क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा, हे दुकान 1905 पासूनचं आहे. तिघांत दोन घ्या, पुरतात.

पावभाजी रात्रीची. आता याचा किस्सा असा सांगतात की 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापूस बाजारात रात्र रात्र सौदे चालायचे अन तिथल्या लोकांना रात्री उशिरा काहीतरी गरम पाहिजे म्हणून उरलेल्या भाज्या ठेचून पावासोबत द्यायला लागले. किस्सा खरा किती माहीत नाही, पण त्या सौद्यांत आपल्या वऱ्हाडाचा कापूस होता हे खरं, 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली त्यात कापसाचा मोठा हात होता. हार्बर लाईनवर अजून कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. मी तव्यावर लोणी वितळताना बघत होतो अन बायकोला म्हटलं हे आपल्याच कापसाचे पैसे आहेत, ती म्हणे मग बिल देऊ नका.

फिरायचं म्हणाल तर थोडकंच धरा. गेटवे, मरीन ड्राईव्ह, अन सीएसएमटीची इमारत तर झोपायलाच आहे, ती 2004 पासून जागतिक वारशात आहे, रात्री लाईट लागल्यावर समोरच्या फुटपाथवरून बघा. विजेवरची एसी डबलडेकर बस 2023 पासून सुरू आहे, पोराला वर पुढच्या सीटवर बसवा. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, बुधवारी बंद असते. लोकलचं एवढंच लक्षात ठेवा की सीएसएमटीहून दादर सेकंड क्लासचे 5 रुपये लागतात, संध्याकाळी त्या बाजूला जाऊ नका, सगळं शहर घरी निघालेलं असते, अन रविवारी बरेचदा मेगाब्लॉक असते, म्हणजे रुळाच्या कामासाठी काही लोकल बंद, आदल्या दिवशी पाहून ठेवा. दादरला जायचं तर सकाळीच जा, साबुदाणा वडा अन पियूष खाऊनपिऊन दुपारपर्यंत परत.

पैसे सगळीकडं मोबाईलवरून चालतात, तरी दहा-वीसच्या नोटा ठेवा. पोटाचं म्हणाल तर पाणी घरचं नाही पुरत, बाटली विकत घ्या, बर्फाचा गोळा टाळा, अन एका ठिकाणी एकच प्लेट तिघांत घ्या, म्हणजे दिवसाला सात-आठ ठिकाणं होतात. आम्ही पहिल्याच गाडीवर तीन प्लेट घेतल्या अन दुपारपर्यंत कोणाच्या पोटात जागा नव्हती.

परतीला सहालाच स्टेशनात या, लांबच्या गाड्यांचे फलाट आत लांब आहेत अन सामान घेऊन चालायला वेळ लागते. येताना बेकरीतून लादीपाव घ्या, तसा पाव आपल्याकडं मिळत नाही. गाडीत मात्र वर हुकाला टांगा. आम्ही सीटखाली ठेवला अन भुसावळपर्यंत त्याच्यावर कोणाची तरी पेटी आली. घरी उघडला तर पापडासारखा झालेला. आईनं तसाच चहात बुडवून खाल्ला अन म्हणाली, एवढ्या लांबून आणला, याच्यापेक्षा जाड नव्हता का मिळत?