थंडीत गाडी काढताय? आधी वॉशरची टाकी बघा

गेल्या डिसेंबरात नवेकोरे वायपर बसवून मी पहाटे सहाला नाशकातून निघालो, येवल्याला, मावसबहिणीच्या साखरपुड्याला. चांदोरीजवळ धुकं लागलं, ते निभावलं. निफाड सुटलं, समोरून ऊन डोळ्यांवर आलं आणि नेमकी पुढे उसाची ट्रॉली. कुठल्यातरी बागेतलं पाणी रस्त्यावर आलेलं. ट्रॉलीची चाकं त्यातून गेली आणि चिखलाचा सडा थेट माझ्या काचेवर. काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरची दांडी ओढली. बोनेटखालून घर्रर्र आवाज आला, पाणी नाही. नव्या वायपरने तो चिखल शेणाने अंगण सारवावं तसा काचभर सारवला. खिडकीतून मान बाहेर काढून कशीबशी गाडी कडेला घेतली आणि आईची प्यायच्या पाण्याची बाटली काचेवर रिकामी केली. "वायपर नवे घातले म्हणे," आई म्हणाली. येवल्यापर्यंत तीनदा म्हणाली.

तेव्हा आधी टाकी. टायर, हवा, लाइट, पीयूसी सगळं तुम्ही बघताच, ते सांगत बसत नाही. बोनेट उघडा. ज्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, ती वॉशरची टाकी. दुसरी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. त्यात साबणपाणी ओतू नका, आणि गरम इंजिनावर तिचं झाकणही उघडू नका. हसू नका, घाईत होतं असं.

टाकीत बोअरचं पाणी नको. आमच्याकडे बादलीच्या काठावर जो पांढरा थर धरतो, तोच नोझलच्या टाचणीएवढ्या भोकात बसतो. माझं तेच झालं होतं. टाकी अर्धी रिकामी आणि नोझल चुन्याने गच्च. आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी भरा. त्यात वॉशर लिक्विड, प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच. भांड्यांचा साबण घालू नका. फेस होतो, वाळला की काचेवर पापुद्रा राहतो आणि समोरून गाडी आली की प्रत्येक हेडलाइटभोवती खळं दिसतं.

न गोठणारं महागडं लिक्विड लागतं का? इथे नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पेपरात आला की आपण कानटोप्या शोधतो, पण पारा पाच-सहावर आला म्हणून टाकीतलं पाणी गोठत नाही, त्याला 0 अंश लागतात. मनालीला निघाला असाल तर घ्या. त्यातल्या काहींत मिथेनॉल असतं, ते विष आहे. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका.

आपल्याकडचा थंडीतला त्रास वेगळा. रात्री दव पडतं, त्यावर धूळ बसते, आणि हायवेला ट्रकच्या मागे राहिलात की धुराचा तेलकट थर. कोरड्या धुळीवर वायपर फिरवला की काचेला ओरखडे. आधी फवारा, मग वायपर. म्हणजे पुन्हा टाकी. भरली का? नुसती भरून उपयोग नाही, दांडी ओढून बघा. दोन्ही नोझलमधून पाणी काचेच्या मध्यावर पडलं पाहिजे. छपरावर जात असेल तर टाचणीने नोझल जरा खाली करा, तुंबलं असेल तर त्याच टाचणीने हलकेच मोकळं करा. पाणी येत नसताना दांडी ओढत बसू नका, मोटार जळते.

आता वायपर. एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं, पावसाळ्यात झिजतं, दिवाळीपर्यंत संपतं. बोटाने चाचपा: कड खरखरीत लागली, चिरा दिसल्या किंवा फिरताना कुईंकुईं आवाज आला, तर बदला. ड्रायव्हरकडचा आणि शेजारचा बहुधा वेगळ्या मापाचा असतो. जुने काढून टेपने मोजा, दुकानात फोटो न्या. लांब घेतला तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हूकही जुळला पाहिजे. साधा पत्र्याच्या फ्रेमचा चालतो. फ्लॅट वायपर काचेला सगळीकडे सारखा टेकतो, पण काचेच्या वळणाशी जुळला तरच. सिलिकॉनचा जास्त टिकतो, पैसेही जास्त. मी साधाच घालतो, वर्षाला बदलतो. बदलताना काचेवर जाड टॉवेल टाका. नुसता लोखंडी दांडा सुटून आपटला तर काच तडकते.

काच आतूनही पुसा. पहाटे चार जण बसले की वाफ धरते. हाताने पुसू नका, एसी लावा, हवा काचेवर सोडा.

मागचा वायपर असेल तर तोही. त्याचं पाणी बऱ्याच गाड्यांत त्याच टाकीतून येतं. टाकी! निघायच्या आदल्या रात्री भरा, सकाळी घाईत राहते. डिकीत दोन लिटर पाणी काचेसाठी वेगळं ठेवा आणि त्यावर मार्करने 'काच' लिहा. आईची बाटली आता ती स्वतःच्या पायाशी ठेवते, मागितली तरी देत नाही.