घरगुती निवासात फोन कुठे वापरावा आणि कुठे बाजूला ठेवावा

मालवण, गुहागर किंवा दापोलीच्या परिसरात घरातल्याच दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांचा निम्मा दिवस हल्ली फोनवर उत्तरे देण्यात जातो आणि पाहुणा दारात येऊन उभा राहिला तरी यजमानाचे लक्ष पुढच्या चौकशीत अडकलेले असते. सगळ्यांना सारखीच द्यावी लागणारी उत्तरे फोनवर सोपवून, माणसागणिक बदलणारे बोलणे स्वतःकडे ठेवले, तर ही ओढाताण बरीच कमी होते.

त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे व्यावसायिकांसाठीचे व्हॉट्सॲप, पुरेसे आहे. खोलीचे भाडे, जेवणाचा दर, कुडाळ स्थानकावरून येण्याची सोय अशी उत्तरे ‘क्विक रिप्लाय’मध्ये, म्हणजे तयार उत्तरांच्या सोयीत, एकदा लिहून ठेवावीत. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, म्हणून जूनपूर्वी ही उत्तरे तपासून बदलावीत. आपोआप जाणारा स्वागतसंदेश मात्र फोनमध्ये नाव नसलेल्यांनाच जाईल अशी सेटिंग करावी. तसे न केल्यास १४ दिवस बोलणे झाले नसेल, तर तो ओळखीच्या पाहुण्यालाही जातो आणि दरवर्षी मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबाला ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत’ असे कोरडे उत्तर मिळते.

गूगल मॅप्सवरची खूण घरावर न ठेवता गाडी जिथे उभी राहते तिथे ठेवावी, कारण कोकणात अनेक घरांपर्यंत पाखाडीच, म्हणजे दगडी पायवाटच, जाते आणि नकाशा पाहुण्याला भलत्याच वाडीत नेऊन सोडतो. शेवटच्या वळणाचा फोटो आदल्या दिवशीच पाठवावा. घाटात रेंज गेली तरी उघडलेला फोटो फोनमध्ये राहतो.

आदल्या संध्याकाळचा संदेश मात्र हाताने लिहावा, आणि माझ्या मते सगळ्या व्यवहारात हाच सर्वांत मोलाचा असतो. ‘नमस्कार दादा, उद्या दुपारी जेवायला पोहोचाल ना? मासे सगळ्यांना चालतात का? उद्या संकष्टी आहे, कुणाचा उपवास असेल तर साबुदाणा भिजत घालते. मुलांसाठी आमटी बिनतिखटाची काढून ठेवीन.’ एवढ्या चार ओळींतून स्वयंपाकाचा अंदाज येतो, आणि आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे हे पाहुण्याला प्रवासातच कळते. सोबत वयस्क मंडळी असतील तर सरळ फोन करावा, कारण गुडघे दुखतात, जिना नको, ही गोष्ट लिहून फारसे कोणी सांगत नाही.

पाहुणे आल्यावर ओळखपत्र दारातच मागू नये; आधी पाणी, चहा, मग नोंद. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत घ्यावी आणि तिचा फोटो घरच्या फोटोंच्या गॅलरीत पडू देऊ नये. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक असल्याने ते काम चहानंतर लांबवू नये.

जेवण वाढताना पाच ताऱ्यांचा अभिप्राय मागण्याची पद्धत पडली आहे, ती मुळीच चांगली नाही. पाहुणे घरी पोहोचल्यावर खुशाली विचारावी आणि त्याच संदेशात अभिप्रायाची लिंक द्यावी. पुढे हंगामात आंब्याची खबर ‘ब्रॉडकास्ट’ने, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना, पाठवायची असेल, तर ती आपला क्रमांक जतन केलेल्यांनाच पोहोचते हे ध्यानात ठेवून निघतानाच पाहुण्यांना क्रमांक नावासह जतन करायला सांगावे.