पर्यावरणाच्या सरकारी कामात यायचंय? आधी कचरा डेपोवर जाऊन या

कॉलेजमधले ज्युनिअर्स मेसेज करतात की ताई, एन्व्हायर्नमेंटमध्ये सरकारी योजनांवर काम करायचंय, काय शिकू? डिग्रीचं पटकन सांगते. सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग, नाहीतर पर्यावरणशास्त्रात एमएससी, काहीही चालतं, आणि 2021 पासून गेटला, म्हणजे पुढच्या शिक्षणासाठी इंजिनिअर मुलं देतात त्या परीक्षेला, पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे तो नक्की बघा. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच डाउनलोड करा, रोज लागतं. पण मला खरं काम शिकवलं ते जमिनीवरच, म्हणून तेच सांगते.

माझी पहिली साईट म्हणजे एका नगरपालिकेचा जुना कचरा डेपो. स्वच्छ भारत मिशन शहरी 2.0 हे 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं आणि त्यात वर्षानुवर्षं साचलेले कचऱ्याचे डोंगर बायोमायनिंग करून, म्हणजे उकरून-चाळून, जमीन मोकळी करायची हे मोठं काम आहे. म्हणजे काय करतात, तर ढिगारा पोकलेनने उकरायचा, त्याच्या लांब रांगा लावायच्या, त्यावर कल्चर म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं पाणी फवारायचं, काही दिवसांनी उलटापालट करायची आणि वाळला की ट्रॉमेलमध्ये म्हणजे त्या मोठ्या फिरत्या चाळणीत टाकायचा. खाली मातीसारखा बारीक माल पडतो, दगडविटा वेगळ्या निघतात आणि प्लास्टिक-चिंध्या आरडीएफ म्हणजे कचऱ्यापासूनचं इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात.

वाचायला सोपं आहे. मी सुरुवातीला केलेली चूक सांगते, कारण ती नवीन माणूस हमखास करतो. ड्रोन सर्व्हेतून ढिगाऱ्याचं घनफळ मिळतं पण कामाचा हिशोब असतो टनात, मधे घनता लागते, म्हणजे एका घनमीटरचं वजन किती टन, आणि मी पूर्ण ढिगाऱ्याला एकच घनता धरली. आता बघा, 10,000 घनमीटरला 0.6 धरली तर 6,000 टन, 0.9 धरली तर 9,000 टन, केवढा फरक! वरचा थर अलीकडचा आणि भुसभुशीत, खालचा दाबला गेलेला, मातीच झालेला, शिवाय पावसाचं पाणी मुरलेलं. काट्यावरच्या पावत्या आणि माझा तक्ता काही केल्या जुळेना. शेवटी सुपरवायझर दादांनी बादली आणि वजनकाटा आणून दिला, वेगवेगळ्या खोलीवरून बादली भरायची, तोलायची, लिहायची. चार दिवस तेच केलं. पावसाळ्यात तर ओला कचरा ट्रॉमेलच्या जाळीला असा चिकटतो की माणसं सळई घेऊन भोकं मोकळी करत बसतात, त्यामुळे वेळापत्रक करताना जून ते सप्टेंबर चाळणी भरवशाची धरू नका. आणि हातमोजे, बूट, मास्क साईटवरच्या प्रत्येकाला मिळतायत का हे बघणं हे पण तुमचंच काम आहे, कोणी सांगितलं नाही तरी.

मग माझी वसुंधरा अभियान. राज्याने 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू केलं, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं आणि त्यावर गावांना-शहरांना गुण. यात नवीन मुलांना शिकायला खूप मिळतं कारण एका ग्रामपंचायतीत झाडं, विहिरी, सोलर, कचरा सगळं एकदम बघता येतं. फक्त फोटो गोळा करत बसू नका, लावलेलं झाड उन्हाळ्यात जाऊन बघा जगलंय का.

किनाऱ्याचं काम मात्र माझं सगळ्यात आवडतं. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगत कुठे काय बांधता येईल याचे केंद्राचे नियम, त्याची अधिसूचना 1991 ला आली, मग 2011 ची, आणि आता 2019 ची. त्यातला मुख्य शब्द भरतीरेषा, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं ती रेघ, सगळी अंतरं तिथून मोजतात. ग्रामीण भागात लोकवस्ती दाट असेल, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 च्या वर, तर समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून 50 मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे जिथे नवीन बांधकामावर बंधन असतं, नाहीतर 200 मीटर. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. म्हणजे नकाशावर रेघ जरा सरकली तर कुणाचं तरी घर आत येतं किंवा बाहेर जातं, एवढं हे नाजूक.

एका कोळीवाड्यात किनारा व्यवस्थापन आराखड्यावर, म्हणजे या नियमांप्रमाणे काढलेल्या सरकारी नकाशांवर, हरकती लिहून द्यायला मी मदत करत होते. नकाशा जमिनीवर पसरलेला, एक आजी आल्या, चष्मा नव्हता, म्हणाल्या देऊळ कुठाय ते दाखव. दाखवलं. मग त्यांनी देवळापासून बोट सरकवत नेलं आणि म्हणाल्या, हितं आमी बोंबील वाळवतो, हितं तर काहीच नाय काढलेलं. खरंच, नकाशात ती जागा मोकळी होती. उपग्रहाच्या फोटोत पण नुसती रेतीच दिसते, वाळवणाचे बांबू तेवढे बारीक कुठून दिसणार, आणि पावसाळ्यातला फोटो असेल तर तेव्हा बांबू काढूनच ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींसोबत जीपीएस घेऊन चालले. त्या सांगत गेल्या, मी पॉइंट घेत गेले, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, वाळवणाच्या चारही कडा. सगळं फोटोसकट हरकतीला जोडलं आणि पोचपावतीवर शिक्का घेतला. हरकती द्यायला मुदत असते, तेव्हा तुमच्या जिल्ह्याचा मसुदा जाहीर झाला की त्याच आठवड्यात तो उघडून गावात घेऊन जा.